त्रेसष्टची थंडी: सासरे सांगतात ते कितपत खरं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासरे १९६२ च्या जूनमध्ये मुंबईहून इंग्लंडला आले, मिडलंड्समधल्या, म्हणजे इंग्लंडच्या मध्यभागातल्या, एका गावात खोली घेऊन राहिले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी जी थंडी पाहिली तशी पुन्हा पडलीच नाही, असं ते आजही सांगतात. दोन-अडीच महिने बर्फ हलला नाही, थेम्स गोठली, समुद्रसुद्धा गोठला, ‘वीस डिग्री’ थंडी होती. नातवंडं हसतात. पूर्वीचे हिवाळे खरंच इतके कडक होते, की दर वेळी सांगताना बर्फाचा थर थोडा वाढतो?

माझी नोकरी ब्रिटनमध्ये हवामान निरीक्षकाची. बहुतेक वर्षं विमानतळांवर गेली, त्यामुळे असे किस्से नोंदींशी ताडून पाहायची खोडच लागली आहे. तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत सांगायचं तर त्यांचं जवळपास सगळं खरं आहे. फक्त त्या ‘वीस डिग्री’चा जरा उलगडा करावा लागेल.

आधी १९६३ चा आकडा पाहू, कारण त्यावर वाद नाही. इंग्लंडच्या मध्यभागाची, म्हणजे ढोबळमानाने लँकशर, लंडन आणि ब्रिस्टल यांच्यामधल्या प्रदेशाची, महिनावार सरासरी तापमानं १६५९ पासून उपलब्ध आहेत. गॉर्डन मॅन्ली या भूगोलाच्या प्राध्यापकांनी जुन्या डायऱ्या आणि तापमापकांच्या नोंदी चाळून ही मालिका उभी केली. उपकरणांवर आधारलेली इतकी लांब मालिका जगात दुसरी नाही. या मालिकेत डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांची सरासरी साधारणपणे चार अंशांच्या आसपास असते. १९६२-६३ मध्ये ती उणे ०.३ होती. यापेक्षा थंड हिवाळे साडेतीनशेहून अधिक वर्षांत फक्त दोन, १६८३-८४ चा आणि १७३९-४० चा. एकट्या जानेवारी १९६३ ची सरासरी उणे २.१. म्हणजे रात्रीचं किमान नव्हे, दिवस-रात्र धरून अख्ख्या महिन्याची सरासरी गोठणबिंदूच्या खाली. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये असा थंड महिना दुसरा झाला नाही. तेव्हा ‘तशी पुन्हा पडलीच नाही’ हे वाक्य सासऱ्यांनी छातीठोकपणे म्हणावं.

आता थोडं विषयांतर. १ जुलै १९६२ पासून ब्रिटनने राष्ट्रकुलातल्या लोकांच्या येण्यावर निर्बंध घालणारा कायदा लागू केला. त्यामुळे त्याआधीच्या महिन्यांत भारत, पाकिस्तान आणि वेस्ट इंडीजमधून लोकांची रीघ लागली होती. दार बंद होण्याआधी आत शिरलेली ही सगळी मंडळी, त्यांत कितीतरी जणांच्या अंगावर मुंबईत शिवलेला कोट, आणि त्यांच्या वाट्याला आला तो १७४० नंतरचा सर्वांत थंड हिवाळा. याहून गंमत म्हणजे मुंबईत सांताक्रूझला आजवरचं सर्वांत कमी तापमान नोंदलं गेलं ते २२ जानेवारी १९६२ ला, ७.४ अंश. सासरे तेव्हा मुंबईत असतील तर एका वर्षाच्या आत त्यांनी दोन देशांतले विक्रम अंगावर घेतले. नातवंडांना हे जरूर सांगा.

सुरुवात कशी झाली ते तपशिलात सांगण्यासारखं आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लंडनवर दाट, विषारी धुरकं बसलं होतं. नाताळच्या सुमारास वारा पूर्वेकडून वाहू लागला, २६ डिसेंबरला दक्षिणेकडे बर्फ पडला आणि २९-३० तारखेला नैर्ऋत्य इंग्लंड आणि वेल्समध्ये हिमवादळाने कहर केला. वाऱ्याने बर्फ लोटत नेऊन रस्त्यांच्या खाचांत, कुंपणांच्या आडोशाला वीस-वीस फुटांचे ढीग रचले. डार्टमूरच्या माळावर मेंढ्या जिवंत गाडल्या गेल्या, हेलिकॉप्टरमधून चारा टाकावा लागला. दक्षिणेतल्या बऱ्याच भागात २६ डिसेंबरला जमीन झाकली गेली ती मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उघडी पडली नाही. ६ मार्च ही त्या वर्षातली पहिली सकाळ, जेव्हा ब्रिटनमध्ये कुठेच गोठण नव्हती. हिशेब करा, सासऱ्यांचे ‘दोन-अडीच महिने’ अगदी तंतोतंत निघतात.

समुद्राचंही खरं. केंटच्या किनाऱ्यावर हर्न बे इथे किनाऱ्यापासून मैलभर आतपर्यंत समुद्र गोठला होता. थेम्सचं मात्र कुठली थेम्स, ते विचारा. ऑक्सफर्डला नदीवरून मोटार नेली होती आणि विंडसरच्या बाजूला लोक स्केटिंग करत होते. लंडनच्या मध्यभागी बर्फाचे तुकडे वाहत आले, पण नदी काही बंद झाली नाही. १८१४ मध्ये तिथे गोठलेल्या पात्रावर शेवटची जत्रा भरली. तेव्हा जुन्या लंडन पुलाच्या जाडजूड खांबांमुळे पाणी तुंबून संथ व्हायचं आणि गोठायचं. तो पूल १८३१ मध्ये पाडला, पुढे दोन्ही काठ बांधून पात्र अरुंद झालं आणि पाण्याला वेग आला. त्यात १९६३ मध्ये काठावरची वीजकेंद्रं कोमट पाणी सोडत होती. त्यामुळे ‘पूर्वी थेम्स गोठायची, आता गोठत नाही’ यात हवामान आहे, पण त्याहून जास्त बांधकाम आहे.

राहिली ‘वीस डिग्री’. मिडलंड्समधल्या एखाद्या साध्या गावात उणे २० सेल्सियस त्या हिवाळ्यात झालं असणं मला अवघड वाटतं. पण सासरे खोटं बोलत नाहीत. त्या काळी इंग्लंडमध्ये सामान्य माणूस फॅरनहाइटमध्ये बोलायचा. हवामानवृत्तात सेल्सियसचा आकडा १९६२ मध्ये नुकताच द्यायला लागले होते आणि तो कोणी मनावर घेत नव्हतं. गोठणबिंदू ३२ फॅरनहाइट. पारा त्याच्या वीस अंश खाली गेला की लोक ‘वीस डिग्री थंडी’ म्हणत. म्हणजे १२ फॅरनहाइट, म्हणजेच उणे ११ सेल्सियस. जानेवारी १९६३ मध्ये मिडलंड्सला अशा रात्री सहज झाल्या. भारतातून आलेल्या माणसाने कारखान्यात सहकाऱ्यांच्या तोंडून हा आकडा ऐकला, तसाच लक्षात ठेवला आणि पुढे साठ वर्षांत मापच बदललं. जुन्या लोकांकडून थंडीचा आकडा ऐकला की मी आधी हे विचारतो, कुठल्या मापात?

तुमचा प्रश्न इथे संपतो, पण त्याला जोडून येणारा एक वाद इंग्लंडमध्ये कायम चालतो आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या देशातली सासऱ्यांहून वयस्कर मंडळी त्रेसष्टचं नाव काढलं की हात झटकतात. ‘सत्तेचाळीस पाहिलं नाहीस तू!’ आणि तीही बरोबरच असतात.

१९४७ चा हिवाळा निम्मा उलटेपर्यंत कोणाच्या खिजगणतीत नव्हता. मग २२ जानेवारीपासून १७ मार्चपर्यंत एकही दिवस असा गेला नाही, की ब्रिटनमध्ये कुठे ना कुठे बर्फ पडला नाही. फेब्रुवारीची सरासरी उणे १.९. तीन महिन्यांच्या सरासरीत सत्तेचाळीस त्रेसष्टच्या पासंगालाही पुरत नाही, कारण डिसेंबर आणि अर्धा जानेवारी ठीकठाक होता. पण बर्फ कितीतरी जास्त. आणि आकाश! त्रेसष्टचा जानेवारी बऱ्याच ठिकाणी कोरडा आणि लख्ख उन्हाचा होता. सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत लंडनच्या क्यू वेधशाळेत २ ते २२ तारखेपर्यंत सूर्यप्रकाशाची एका मिनिटाचीही नोंद नाही. तीन आठवडे शिशाच्या रंगाचं आभाळ, पूर्वेचा बोचरा वारा आणि घरात कोळसा नाही.

कोळसा नाही, हेच खरं सत्तेचाळीस. युद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती. पाव युद्धात नव्हे, तर युद्धानंतर, १९४६ मध्ये रेशनवर आला होता. कोळशाच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं ते नेमकं १ जानेवारी १९४७ ला. साठे आधीच तळाला गेले होते. खाणीच्या तोंडाशी कोळसा पडलेला, पण रूळ बर्फाखाली, वाघिणी जागच्या जागी थिजलेल्या, किनाऱ्याने कोळसा नेणारी जहाजं वादळात अडकलेली. ७ फेब्रुवारीला इंधनमंत्री शिनवेल यांनी संसदेत वीजकपात जाहीर केली. कारखान्यांची वीज बंद, घरांत दिवसाचे पाच तास बंद. लाखो कामगार घरी बसले, दूरचित्रवाणी बंद झाली, साप्ताहिकं थांबवली. कचेऱ्यांत लोक मेणबत्तीच्या उजेडात, अंगावर ओव्हरकोट चढवून काम करत होते.

याच काळोखात, २० फेब्रुवारीला, पंतप्रधान ॲटलींनी जाहीर केलं की जून १९४८ पर्यंत ब्रिटन भारतातली सत्ता सोडेल. थंडीमुळे स्वातंत्र्य मिळालं असं कोणी म्हणू नये, तो बाष्कळपणा होईल. पण ज्या सरकारकडे स्वतःच्या राजधानीतल्या चुली पेटवायला कोळसा नव्हता, ते सरकार ही घोषणा करत होतं, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत कधीच वाचायला मिळत नाही.

सत्तेचाळीसचा शेवटही वाईट. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात उबदार हवा आणि पाऊस आला. जमीन दगडासारखी गोठलेली, पाणी मुरायला जागा नाही. डोंगरावरचा सगळा बर्फ आणि वर पाऊस, सगळं थेट नद्यांत. थेम्स, सेव्हर्न, ट्रेंट, सगळ्या पात्राबाहेर. १६ मार्चच्या रात्री वादळी वारा सुटला आणि पूर्वेकडच्या फेन्सच्या सखल प्रदेशात बांध फुटून हजारो एकर शेती पाण्याखाली गेली. त्रेसष्टचा बर्फ बहुतेक ठिकाणी हळूहळू, गुपचूप विरघळला. म्हणून ज्याने सत्तेचाळीसचा पूर पाहिला त्याला त्रेसष्ट सौम्य वाटतं, आणि ज्याने फक्त त्रेसष्ट पाहिलं त्याला आकडे साथ देतात.

घरातली थंडी हा मुद्दा आजच्या मुलांना सांगूनही कळत नाही. साठच्या दशकात इंग्लंडमधल्या बहुतेक घरांत मध्यवर्ती उष्णता नव्हती. एका खोलीत कोळशाची शेगडी. बाकी घर बाहेरच्याइतकंच थंड. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांकडे रॉकेलचा हीटर किंवा मीटरमध्ये शिलिंग टाकून चालणारी गॅसची शेगडी. शिलिंग संपलं की शेगडी विझली. रॉकेल जळताना वाफ सोडतं, ती वाफ रात्री काचेवर आतून गोठते, सकाळी खिडकीवर आतल्या बाजूने बर्फाची नक्षी. दारात ठेवलेल्या दुधाच्या बाटलीत साय गोठून फुगायची आणि तोंडावरचं चकचकीत ॲल्युमिनियमचं झाकण डोक्यावर घेऊन इंच-दीड इंच वर यायची. संडास कितीतरी घरांत परसात. नळाच्या नळ्या भिंतीबाहेरून गेलेल्या, त्या गोठायच्या. अनेकांना वाटतं की नळी बर्फ वितळताना फुटते. तसं नाही, ती गोठतानाच चिरते. वितळेपर्यंत आतला बर्फच भोक बुजवून ठेवतो, एवढंच. म्हणून मार्चमध्ये गल्लीतल्या सगळ्या घरांची छतं एकदम गळू लागायची.

हे सगळं इतकं लांबतं कसं? लंडन ५१ अंश उत्तरेला आहे, कॅनडातलं लॅब्राडोर साधारण त्याच अक्षांशांवर येतं. ब्रिटन उबदार राहतो तो पश्चिमेकडून, अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्यामुळे. कधीकधी आइसलँड किंवा स्कँडिनेव्हियाच्या बाजूला जास्त दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसतं, पश्चिमेची वाट अडते, अटलांटिकवरची वादळं दक्षिणेला भूमध्य समुद्राकडे वळतात आणि ब्रिटनवर रशियाकडची कोरडी, गोठलेली हवा येऊ लागते. ती उत्तर समुद्रावरून येताना थोडी वाफ उचलते आणि पूर्व किनाऱ्यावर बर्फ भुरभुरवते. असं चार-आठ दिवस होणं नेहमीचंच. त्रेसष्टमध्ये हे क्षेत्र विरलं की पुन्हा जवळपास तिथेच तयार व्हायचं, महिनोन्‌महिने. त्यात जमिनीवर बर्फ असला की तो दिवसाचं ऊन परतवतो आणि रात्री उष्णता झपाट्याने सोडतो. म्हणजे बर्फच पुढच्या थंडीची तरतूद करतो.

हे शेवटचं कलम मी स्वतः पाहिलं ते १९८१-८२ मध्ये. त्या डिसेंबरात आणि जानेवारीत वेल्सच्या सीमेलगतच्या श्रॉपशर परगण्यात जे झालं ते आमच्या व्यवसायात अजून सांगितलं जातं. १३ डिसेंबरला शॉबरीला उणे २५.२ आणि १० जानेवारी १९८२ ला न्यूपोर्टजवळ उणे २६.१. इंग्लंडच्या नोंदींतलं हे आजवरचं सर्वांत कमी तापमान. ताजा, भुसभुशीत बर्फ, ढग नाही, वारा नाही आणि सखल जागा, जिथे थंड हवा उतरून साचते. अशा सकाळी नऊ वाजता तापमापकाच्या पांढऱ्या लाकडी पेटीकडे जाताना पावलाखाली बर्फ करकर वाजतो. पेटीचं दार उघडायचं आणि श्वास रोखायचा, कारण तोंडाची वाफ नळीवर गोठली की आकडा दिसत नाही. किमान तापमापकात पारा नसतो, अल्कोहोल असतं आणि त्यात काचेची एक बारीक काडी. अल्कोहोल आकसताना काडीला मागे ओढतं आणि पुन्हा वाढताना तिला तिथेच सोडून पुढे जातं. काडीचं पुढचं टोक जिथे, तिथे रात्रीचं किमान. वाचायचं, लिहायचं, पुन्हा वाचायचं, मग नळी तिरकी करून काडी परत जागेवर आणायची. त्या दिवसांत पुन्हा वाचण्याची वेळ सगळ्यांनाच लागत होती.

आणि तरी १९८१-८२ चा हिवाळा एकूण सरासरीत फार थंड नाही. जानेवारीच्या मध्यात वारा फिरला, बर्फ गेला, फेब्रुवारी निवांत. इंग्लंडची सर्वांत थंड रात्र ज्या हिवाळ्यात आहे, तो हिवाळा श्रॉपशर आणि दक्षिण वेल्सच्या बाहेर फारसा कोणाला आठवत नाही. लोक आकडा लक्षात ठेवत नाहीत. थंडी किती दिवस टिकली, घरात काय नव्हतं, काय बंद पडलं, ते लक्षात ठेवतात. म्हणून १९७८-७९ म्हटलं की ब्रिटिश माणूस बर्फाऐवजी संपांचं बोलतो, रस्त्यावर साचलेल्या कचऱ्याचं बोलतो, आणि तो हिवाळाही चांगलाच थंड होता. जानेवारी १९८७ ची लाट आठवडाभराची, पण आग्नेय इंग्लंडमध्ये १२ तारखेला भर दुपारीसुद्धा पारा उणेच्या बराच खाली होता, ते केंटवाले विसरणार नाहीत. फेब्रुवारी १९९१ मध्ये बर्फ इतका कोरडा आणि भुगा होता की तो रेल्वेच्या मोटरींत शिरला आणि गाड्या बंद पडल्या. बर्फच वेगळ्या प्रकारचा होता, असं रेल्वेने त्यावर जे कारण दिलं त्याची टिंगल देशभर आजही होते, पण तांत्रिकदृष्ट्या रेल्वेचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

नातवंडांना त्यांच्या काळातलं उदाहरण हवं असेल तर डिसेंबर २०१० दाखवा. सरासरी उणे ०.७, १८९० नंतरचा सर्वांत थंड डिसेंबर. १८ तारखेला हीथ्रो बंद पडलं, नाताळला मुंबईकडे निघालेली कितीतरी कुटुंबं विमानतळाच्या फरशीवर झोपली. त्याच वर्षीच्या ७ जानेवारीचा नासाचा उपग्रह-फोटो पाहा, अख्खं ग्रेट ब्रिटन टोकापासून टोकापर्यंत पांढरं. २०१८ च्या फेब्रुवारीअखेरीची पूर्वेची लाटही त्यांना आठवत असेल. तिच्याआधी पंधरवडाभर ध्रुवावरच्या वरच्या थरातली हवा अचानक तापली होती आणि तिथला वाऱ्यांचा भोवरा फाटला होता. असं झालं की काही आठवड्यांत पूर्वेचा वारा येण्याची शक्यता वाढते, पण खात्री नसते. त्रेसष्टमध्येही असंच झालं होतं, पण जानेवारीच्या अखेरीस, म्हणजे थंडी महिनाभर मुरल्यावर. त्यामुळे त्रेसष्टचं सगळं श्रेय त्याला देणाऱ्यांशी मी सहमत नाही.

तसा हिवाळा पुन्हा येईल का? वाऱ्याची तशी अडवणूक होऊ शकते, त्यात काही बदललेलं नाही. पण ज्या उत्तरेकडून आणि पूर्वेकडून हवा येते तो प्रदेशच आता तापला आहे आणि मधला समुद्रही उबदार झाला आहे. म्हणजे तोच वारा तितकेच दिवस वाहिला तरी पारा तितका खाली जाणार नाही, आणि सखल भागात ज्या दिवशी पूर्वी बर्फ पडला असता त्या दिवशी पाऊस पडेल. दक्षिण इंग्लंडमध्ये वाढलेली मुलं बर्फाच्छादित जमिनीचा एकही दिवस न पाहता हिवाळा काढतात, ते पाहता त्यांना आजोबा अतिशयोक्ती करतात असं वाटणं साहजिक आहे.

तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांचा बर्फात उभा असलेला एक फोटो आहे, पण तारीख नाही. तो जरा नीट पाहा. तेव्हा घराघरांत कोळसा जळायचा, शहरातला बर्फ चार-पाच दिवसांत काजळीने करडा पडायचा. बर्फ पांढराशुभ्र, खिडकीच्या कठड्यांवरही ताजा थर असेल तर फोटो डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला किंवा पुढच्या एखाद्या ताज्या बर्फानंतरचा. रस्त्याच्या कडेला काळपट, टणक ढिगारे आणि मधला रस्ता मोकळा असेल तर जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी. सावल्या ठळक असतील तर जानेवारीची शक्यता जास्त. मग त्यांना गावाचं नाव आणि ते कुठल्या पाळीत कामाला होते ते विचारा. ब्रिटिश हवामान खात्याचे त्या काळातले रोजचे अहवाल नकाशांसकट त्यांच्या डिजिटल संग्रहात फुकट पाहता येतात. जवळचं केंद्र शोधा, तारखा पुढे-मागे करून पाहा. अडलं तर फोटोतली सावली कुठल्या बाजूला पडली आहे आणि घराचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते मला कळवा, वेळ साधारण सांगता येईल.